सिलिंडर, हेड, सेक्टर : डिस्कने सांगितलेला पत्ता

(नागपूर येथे एका मुद्रकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते मुद्रक होते. खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि छापखाना डीटीपीपर्यंत आणला. अशा माणसाच्या नावाने बोलायचे तर विषय पुस्तकांचा असावा, ही अपेक्षा रास्त आहे. मी हार्ड डिस्कविषयी बोलणार आहे, कारण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात विदर्भात जे मराठी छापले गेले, त्याची मूळ जुळणी आता तिथेच आहे. दिवाळी अंक, कवितासंग्रह, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका, साप्ताहिके यांचे शिसे तर केव्हाच वितळवले गेले. ब्रोमाइड आणि ट्रेसिंग पेपर रद्दीत गेले. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या किंवा पुरात भिजल्या. उरल्या त्या माळ्यावरच्या, कपाटाच्या खणातल्या, जुन्या कॅबिनेटमध्ये स्क्रूने घट्ट बसवलेल्या डिस्का.

अशी एखादी डिस्क आज कोणी दुकानात नेली की बहुतेक वेळा एकच निकाल मिळतो : डिस्क उडाली, फॉरमॅट मारावा लागेल. काही वेळा तो निकाल बरोबर असतो. पण पुष्कळ वेळा डिस्क धडधाकट असते, तिच्यावरचा प्रत्येक अक्षरसंकेत जागच्या जागी असतो, आणि तरीही संगणकाला तिथे काही दिसत नाही. हे का होते ते नीट समजून घेतले, तर आपला बराच मजकूर वाचेल. म्हणून आज जरा आकडेमोड करणार आहे. ती अवघड नाही, पण सावकाश करू.

ऑपरेटिंग सिस्टीम डिस्क मोजत नाही. ती बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, किंवा डिस्कला विचारते आणि मिळालेले उत्तर खरे धरून चालते. बायोसनेही ते उत्तर कुठून तरी घेतलेले असते : बॅटरीवर जपलेल्या नोंदीतून, डिस्कच्या आतल्या नियंत्रकाकडून, किंवा आधीच्या एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवरच लिहून ठेवलेल्या तक्त्यावरून. या विचारपुशीच्या साखळीत एका ठिकाणी उत्तर बदलले की पत्ता चुकतो. मजकूर हलत नाही, त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी हलते.

आता डिस्कची रचना. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत पहिली डिस्क दिली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. तबकडीवर एकात एक अशी वर्तुळे असतात, ते ट्रॅक. प्रत्येक पृष्ठभागासाठी वाचणारे-लिहिणारे एक हेड असते. सगळी हेड एकाच दांड्यावर एकत्र सरकतात, म्हणून एका स्थितीत सगळ्या हेडांखाली येणारे ट्रॅक मिळून एक सिलिंडर होतो. ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. पीसीच्या जगात एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. तेव्हा डिस्कवरच्या कोणत्याही जागेचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो : कितवा सिलिंडर, कितवे हेड, कितवा सेक्टर. सिलिंडर आणि हेड शून्यापासून मोजतात, सेक्टर मात्र एकपासून. या तीन आकड्यांच्या कमाल मर्यादांना डिस्कची भूमिती म्हणण्याची पद्धत पडली.

१९८३च्या पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क आली, तेव्हा ही भूमिती अक्षरशः खरी होती. ३०६ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर. गुणाकार करा आणि ५१२ने गुणा : १,०६,५३,६९६ बाइट. झाकण उघडून पाहिले असते तर खरोखरच दोन तबकड्या आणि चार हेड दिसली असती. १९८४ साली पीसी-एटी आला. त्याच्या बायोसमध्ये डिस्कांच्या प्रकारांचा तक्ताच भरलेला होता. प्रकार १ म्हणजे ३०६-४-१७, प्रकार २ म्हणजे ६१५-४-१७. संगणक जोडणारा माणूस प्रकाराचा नंबर भरायचा, तो नंबर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्मृतीत राहायचा, आणि डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना बायोसला विचारायची. म्हणजे संगणकाला डिस्कविषयी जे कळायचे ते माणसाने सांगितलेले असायचे. बॅटरी संपली की ते ज्ञान गेले. म्हणून जाणते मेकॅनिक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेनाने प्रकाराचा नंबर लिहून ठेवत. पुढे तक्ता अपुरा पडला आणि प्रकार ४७ आला, ज्यात तिन्ही आकडे हाताने भरायचे. तुमच्याकडे तेव्हाचे कॅबिनेट असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याचे झाकण आतून पाहा. तिथली ती तीन-आकडी ओळ म्हणजे आतल्या मजकुराची किल्ली आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आयडीई, म्हणजे नियंत्रक आतच असलेल्या, डिस्का रुळल्या आणि भूमिती खरी राहिली नाही. कारण सरळ आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेचे वर्तुळ मोठे, आतले लहान. दोन्हींवर सारखेच सेक्टर ठेवणे म्हणजे बाहेरची जागा वाया घालवणे. म्हणून उत्पादकांनी बाहेरच्या ट्रॅकवर जास्त आणि आतल्या ट्रॅकवर कमी सेक्टर बसवले. आता 'प्रत्येक ट्रॅकवर किती सेक्टर' या प्रश्नाला एकच उत्तर उरले नाही. पण डॉस आणि बायोस तर तोच प्रश्न विचारत राहिले. तेव्हा डिस्कच्या आतल्या नियंत्रकाने त्यांना समजेल असे, गुणाकार जुळेल असे उत्तर द्यायला सुरुवात केली. त्या काळच्या एका ४२५ मेगाबाइटच्या डिस्कच्या लेबलवर ९८९ सिलिंडर, १५ हेड, ५६ सेक्टर असे छापलेले होते. पंधरा हेडांना आठ तबकड्या लागतात. त्या इंचभर उंचीच्या डब्यात त्या मावणारच नाहीत. हे आकडे पूर्णपणे कल्पित आहेत, आणि तरीही ते निरुपयोगी नाहीत. जोवर सगळे तेच आकडे धरून चालतात तोवर प्रत्येक सेक्टर बिनचूक सापडतो.

याच डिस्कचे उदाहरण जरा पुढे नेतो, कारण माझ्या बोलण्याचा गाभा त्यात आहे. पत्त्याचे सरळ क्रमांकात रूपांतर करण्याचे सूत्र असे : सिलिंडरला एकूण हेडांनी गुणा, त्यात हेडचा क्रमांक मिळवा, येईल त्याला ट्रॅकवरच्या सेक्टरांनी गुणा, आणि सेक्टर एकपासून मोजतात म्हणून शेवटी सेक्टरचा क्रमांक एकने कमी करून मिळवा. समजा डॉसला सिलिंडर १००, हेड ३, सेक्टर ५ वरचा मजकूर हवा आहे. डिस्क १५ हेड आणि ५६ सेक्टर या हिशोबाने भरलेली आहे. तर तो मजकूर ८४,१७२व्या जागी आहे. आता हीच डिस्क दुसऱ्या संगणकात लावली. तिथल्या बायोसने एलबीए नावाची, सरळ क्रमांकावर आधारलेली पद्धत निवडली आणि डॉसला सांगितले की हेड १६ आहेत आणि सेक्टर ६३. डॉस पूर्वीचाच पत्ता विचारतो, बायोस नव्या हिशोबाने १,००,९९३व्या जागी जातो. १६,८२१ सेक्टरांची चूक, म्हणजे सुमारे ८६ लाख बाइट पलीकडे. एखाद्या लेआउटमध्ये पंधरा-पंधरा घरांच्या गल्ल्या आहेत आणि पोस्टमनच्या हातातल्या नकाशात त्या सोळा-सोळा घरांच्या आहेत, असा हा प्रकार. पत्र बरोबर आहे, घरही बरोबर आहे, पण ते पोचते भलत्याच दारी.

यातली सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे सिलिंडर ०, हेड ०, सेक्टर १, कोणत्याही भूमितीत शून्याव्या जागीच येतो. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या विभागांचा, तक्ता तिथेच असतो. त्यामुळे नव्या संगणकाला डिस्क दिसते, पार्टिशन दिसते, त्याचा आकार दिसतो. सगळे ठीक वाटते. मग तो पार्टिशनचा बूट सेक्टर शोधायला हेड १, सेक्टर १ वर जातो. तो खरा आहे ५६व्या जागी. नव्या हिशोबाने बायोस ६३व्या जागचा सेक्टर आणून देतो. तिथे बूट सेक्टरची खूण नसते, आणि पडद्यावर ओळ येते : मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम. डिस्क दिसते पण चालत नाही, म्हटल्यावर समोरचा माणूस निष्कर्ष काढतो की डिस्क बिघडली. याच क्षणी कोणी फॉरमॅट केले की मात्र ती खरोखर जाते, कारण नव्या हिशोबाने लिहिलेले रिकामे तक्ते जुन्या मजकुरावर पसरतात. मला विचाराल तर डिस्क बिघडून जितके नुकसान झाले असेल त्याहून अधिक या घाईने झाले आहे.

हे असे वेगवेगळे हिशोब आले कुठून? बायोसच्या जुन्या सेवेत सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखलेले होते. आयडीई डिस्कच्या बाजूला सिलिंडरसाठी १६ आणि हेडसाठी फक्त ४. दोघांना एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येक बाबतीत लहान मर्यादा लागू होणार : १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट. ५२८ मेगाबाइटची ती सुप्रसिद्ध भिंत ही. ती ओलांडायला बायोसवाल्यांनी भाषांतर सुरू केले : सिलिंडर निम्मे करायचे, हेड दुप्पट करायची, गुणाकार तोच. एकाने ते 'लार्ज' नावाने केले, दुसऱ्याने 'एलबीए' नावाने, आणि दोघांची उत्तरे प्रत्येक डिस्कसाठी जुळतीलच असे नव्हते. बायोसच्या निळ्या पडद्यावर 'ऑटो डिटेक्ट' केले की नॉर्मल, लार्ज, एलबीए अशा तीन ओळी यायच्या आणि त्यातली एक निवडायची असायची. ज्याने ज्या दिवशी जी निवडली ती त्या डिस्कच्या कपाळी लिहिली गेली. कोणी ती नोंदवून ठेवली नाही.

पुढची भिंत ८४० कोटी बाइटांच्या आसपास, १०२४ सिलिंडर आणि २५६ हेडांची. प्रत्यक्षात २५६ हेडही वापरता येईनात, कारण डॉस हेडांची संख्या एका बाइटमध्ये ठेवायचा आणि २५६ तिथे शून्य होऊन बसायचे. म्हणून २५५. २५५ गुणिले ६३ म्हणजे १६,०६५ सेक्टरांचा एक सिलिंडर. त्यानंतरच्या मोठ्या डिस्कांनी भूमितीच्या प्रश्नाला एक ठरीव उत्तर देणे पत्करले : १६,३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. ४० गिगाबाइटची असो वा ४०० ची, उत्तर तेच. खरी संख्या डिस्कच्या त्याच, ५१२ बाइटांच्या, उत्तरात पुढे सरळ सेक्टरसंख्या म्हणून दिलेली असते. शहाणी ऑपरेटिंग सिस्टीम तीच वाचते.

लिनक्सने हे आधीपासून ओळखले. पार्टिशनच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीत पत्ता दोनदा लिहिलेला असतो, एकदा सिलिंडर-हेड-सेक्टरमध्ये आणि एकदा सरळ क्रमांकात. लिनक्स दुसरा वाचते. म्हणून डॉसने हात टेकलेली डिस्क लिनक्सवर पुष्कळदा निमूटपणे उघडते. पण जुन्या सॉफ्टवेअरला भूमिती सांगावीच लागे, तेव्हा लिनक्समध्ये एक मजेशीर मार्ग होता आणि स्कझी डिस्कांसाठी तो अजूनही आहे : तक्त्यात पार्टिशन कोणत्या हेडवर आणि कोणत्या सेक्टरवर संपते ते पाहायचे आणि त्यावरून भूमितीचा अंदाज बांधायचा. डॉस पार्टिशन नेहमी सिलिंडरच्या टोकाला संपवायचा. शेवट हेड १४, सेक्टर ५६ वर असेल तर डिस्क १५ आणि ५६ ची. म्हणजे यंत्र आपल्या आधी येऊन गेलेल्याच्या हस्ताक्षरावरून त्याची मोजपट्टी ओळखते. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, आणि पुढे आपल्या कामाचीही.

या अंदाजात गफलत झाली की काय होते ते २००४ साली जगाने पाहिले. लिनक्सच्या २.६ कर्नलने बायोसची भूमिती विचारणे सोडून दिले. त्या कर्नलसह आलेली फेडोरा कोअर २ बसवताना अनेकांच्या पार्टिशन तक्त्यात २५५ च्या जागी १६ हेडांचा हिशोब लिहिला गेला. फेडोरा उत्तम चालली, पण शेजारचे विंडोज एक्सपी सुरूच होईना. विंडोजची एकही फाइल गेलेली नव्हती. हेड २५५ धरून तक्ता पुन्हा लिहिला की एक्सपी पूर्वीसारखे उघडायचे. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी सगळे पुसून नव्याने बसवले.

या साऱ्याला महाराष्ट्रातली एक बाजू आहे. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलँजेलो विषाणू ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कवर कचरा लिहायचा. कुठे लिहायचे यासाठी तो डिस्कला काहीच विचारत नसे. प्रत्येक डिस्क २५६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टरांची आहे असे गृहीत धरूनच तो चालायचा. एरवीच्या दिवशी मात्र तो मूळ पहिला सेक्टर उचलून सिलिंडर ०, हेड ०, सेक्टर ७ वर ठेवायचा. ही जागा त्याने विचारपूर्वक निवडलेली होती. पार्टिशन हेड १ पासून सुरू होत असल्याने पहिला ट्रॅक तक्त्यानंतर रिकामा असायचा, आणि सातवा सेक्टर पहिल्या सेक्टरप्रमाणेच कोणत्याही भूमितीत त्याच जागी येतो. त्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर संगणक दुरुस्तीच्या धंद्यात होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले विषाणू काढण्यासाठी संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून पुढे क्विक हील उभे राहिले. बूट सेक्टरचा विषाणू काढायचा म्हणजे दडवलेला मूळ सेक्टर शोधून त्याच्या जागी परत ठेवायचा. डिस्क कुणाला काय सांगते आणि त्यातले खरे किती, हे अचूक माहीत असल्याशिवाय ते काम होत नाही. दुरुस्तीच्या टेबलावरून आलेल्या या ज्ञानाला आपल्याकडे मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे जुने झाले. घरी गेल्यावर विंडोजमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा आणि डिस्कचा तपशील पाहा. एक टेराबाइटची डिस्क असेल तर बहुधा १,२१,६०१ सिलिंडर, २५५ ट्रॅक प्रति सिलिंडर आणि ६३ सेक्टर प्रति ट्रॅक असे दिसेल. एसएसडी असली, जिच्यात फिरणारे काही नाही, तबकडी नाही, हेड नाही, तरीही सिलिंडर आणि ट्रॅकचे आकडे तिथे असतील. आता आकार पाहा : १०,००,२०,२२,७३,२८० बाइट. डिस्कचे खरे सेक्टर १,९५,३५,२५,१६८, म्हणजे बाइट १०,००,२०,४८,८६,०१६. विंडोजच्या या अहवालात ५,१०३ सेक्टर कमी पडतात. शेवटचा सिलिंडर अर्धवट राहतो म्हणून तो मोजलाच जात नाही. ते सेक्टर वापरता येतात, पण या यादीत त्यांना जागा नाही. ज्या सिलिंडरचे अस्तित्वच नाही, त्याच्या काठावरून आजही मोजमाप कापले जाते.

याच सवयीचा आणखी एक अवशेष होता. एक्सपीपर्यंतचे विंडोज पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करायचे, कारण पहिला ट्रॅक सोडायचा. २०१०च्या सुमारास आतून ४,०९६ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्का आल्या. ६३ला आठने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा दोन सेक्टरांवर पसरायचा आणि लिहिण्याचा वेग पडायचा. व्हिस्टापासून सुरुवात २,०४८व्या सेक्टरवर गेली आणि प्रश्न मिटला.

उलट बाजूही सांगायला हवी. बाजारात मिळणारे काही स्वस्त पेन ड्राइव्ह संगणकाला ६४ गिगाबाइट सांगतात आणि आत ८ असतात. ऑपरेटिंग सिस्टीम विचारते, चिप उत्तर देते, विश्वास ठेवला जातो. फाइलींची नावे दिसतात, मजकूर गेलेला असतो. नवा पेन ड्राइव्ह पूर्ण भरून, पुन्हा वाचून ताडून पाहिल्याशिवाय त्यावर संस्थेचे दप्तर ठेवू नका. हे ताडून पाहणारे मोफत प्रोग्रॅम उपलब्ध आहेत.

आता आपल्या माळ्यावरच्या डिस्कांकडे येतो.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. मग पावसाळ्याची ओल. काही घरांत डिस्का कूलरच्या खोलीत असतात, तेही वाईटच. आतले वंगण घट्ट होते, हेड तबकडीला चिकटते. म्हणून पहिली गोष्ट, डिस्क आधी घरातल्या कोरड्या, थंड कपाटात आणा, आणि उगाच वीज देऊन पाहू नका. जी डिस्क आणखी एकदाच फिरणार आहे तिची ती एक फेरी प्रत काढण्यासाठी राखून ठेवा.

दुसरी गोष्ट जोडणीची. १९८०च्या दशकातली, दोन चपट्या केबलींची डिस्क असेल तर ती मूळ कंट्रोलर कार्डासकट जपा. एका कार्डाने आखलेली तबकडी दुसऱ्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. आयडीई डिस्क असेल तर यूएसबीचे अडॅप्टर लावण्याचा मोह होतो. नंतरच्या डिस्कांना ते चालते. पण १९९४च्या आधीच्या कित्येक डिस्कांना सरळ क्रमांकाचा पत्ता कळतच नाही, त्या फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर ओळखतात, आणि पुष्कळ अडॅप्टर फक्त सरळ क्रमांकच बोलतात. मग डिस्क शून्य आकाराची दिसते आणि लोक तिला मृत ठरवतात. तिच्यासाठी आयडीई पोर्ट असलेला जुना मदरबोर्ड शोधा, बायोसमध्ये लेबलवरचे तीन आकडे हाताने भरा, आणि सीडीवरून लिनक्स सुरू करा. असे बोर्ड अजून दुरुस्तीच्या दुकानांत पडून असतात. ते भंगारात जाण्यापूर्वी एखाद-दुसरा घेऊन ठेवावा.

तिसरी गोष्ट, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने तिची सेक्टर-न्-सेक्टर प्रतिमा एका फाइलमध्ये उतरवायची. तो आधी सहज वाचता येणारा भाग घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर फक्त तेवढ्याच पुन्हा वाचून पाहतो. विंडोजने 'फॉरमॅट करू का' असे विचारले तर उत्तर एकच : नाही.

लेबल फाटले असेल, बॅटरी केव्हाच संपली असेल, नॉर्मल, लार्ज की एलबीए हा बायोसमधला मोड कुणाला आठवत नसेल, तरी निराश होऊ नका. भूमिती डिस्कवरच लिहिलेली असते. प्रतिमेच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४४६व्या बाइटपासून पार्टिशनची नोंद आहे, तिच्यातले शेवटचे हेड आणि शेवटचा सेक्टर पाहा. पार्टिशन सतराव्या जागी सुरू होत असेल तर डिस्क एक्सटी-एटीच्या काळातली, सव्विसाव्या जागी असेल तर आरएलएल जातीची, ५६ असेल तर आपल्या उदाहरणातली, ६३ असेल तर नंतरची. आणि तिथे सापडलेल्या डॉसच्या बूट सेक्टरमध्ये चोविसाव्या बाइटपासून सेक्टर प्रति ट्रॅक आणि सव्विसाव्यापासून हेडांची संख्या स्वतः फॉरमॅट करणाऱ्या डॉसने लिहून ठेवलेली आहे. दोन्हींचा मेळ बसला की हिशोब हाती आला. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम हेच करतो आणि अंदाज चुकला तर तीन आकडे तुम्हाला बदलू देतो.

फाइली सापडल्या तरी मजकूर लगेच वाचता येत नाही, कारण त्या युनिकोडच्या आधीच्या आहेत. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्टमधल्या असतील तर तुलनेने सोपे. त्यामागे १९९१चे इस्की हे भारतीय मानक आहे, आणि त्याचा उलगडा नेमका करता येतो. पण श्रीलिपी, आकृती आणि तत्सम फॉन्टांत जुळवलेली पाने म्हणजे प्रत्येक फॉन्टचा आपला वेगळा नकाशा. काना, वेलांटी, रफार, जोडाक्षराचा अर्धा भाग, प्रत्येकाला त्या फॉन्टने दिलेला वेगळा क्रमांक. फॉन्टचे नाव कळले तर रूपांतर होते, नाही कळले तर समोर फक्त इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा : डिस्कचे लेबल, तीन आकडे, बायोसमधला मोड, पार्टिशन कोणत्या जागी सुरू होते, जुळणीचा प्रोग्रॅम, फॉन्टचे नाव, आणि डिस्क कोणाकडून आली.

जागेची अडचण नाही. ४२५ मेगाबाइटच्या २,३०० डिस्कांच्या प्रतिमा एक टेराबाइटच्या एका डिस्कवर मावतात. विदर्भ साहित्य संघाने किंवा आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अशी दोन डिस्कांची जागा राखली, एक प्रत इथे आणि एक दुसऱ्या शहरात ठेवली, तर छापखाने, प्रकाशक आणि घरची मंडळी आपापल्या डिस्का आणून देतील, असा मला विश्वास आहे. तपासणीसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले मिळतील. त्यांना यातून जे शिकायला मिळेल ते पाठ्यपुस्तकात नाही.

अडचण माणसांची आहे. कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला, मशीन बदलले तेव्हा डिस्क कोणत्या मोडवर लावली, अर्धी पाने दुसऱ्या फ्लॉपीवर का आहेत, हे ज्यांनी ती जुळणी केली त्या ऑपरेटरांनाच ठाऊक आहे. त्यांतले बरेच जण आता साठीच्या पुढे आहेत. काही याच सभागृहात बसलेले मला दिसत आहेत. दाराशी एक वही ठेवलेली आहे. व्याख्यान संपल्यावर तीत आपले नाव, कोणत्या छापखान्यात होता आणि कोणता फॉन्ट वापरत होता एवढे लिहून जावे, ही विनंती.